पोतं आणि सुतळी

आंजी गावात भागीरथाबाई आणि रूपराव या जोडप्याला लोक मागून 'पोतं आन् सुतळी' म्हणत. मागून म्हणजे फार मागून नव्हे, दोघांच्या कानावर जाईल इतक्याच अंतरावरून. भागीरथा अंगानं जड. दारातून आत येताना ती नकळत थोडी तिरपी व्हायची. रूपराव म्हणजे तुरीची वाळलेली काडी. सदरा त्याच्या अंगावर घातलेला वाटायचाच नाही, खुंटीला टांगलेला वाटायचा.

बस स्टँडजवळ त्याचं मोटारी बांधायचं दुकान होतं. शेतातल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येत. तो त्या उघडायचा, आतली काळी पडलेली तार काढून नवी भरायचा. दिवसभर स्टुलावर बसून तार गुंडाळायची आणि गालात खर्रा धरून ठेवायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा सकाळच्या चहाच्या आधी त्याच्या तोंडात जाई. बोलायचं झालं तर तो आधी मान वर करी, म्हणजे तोंडातलं सांडू नये. गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली होती.

भागीरथा घरी ब्लाउज शिवायची. तिचा हात चांगला होता. मापं घेताना बाया पोट आत ओढून उभ्या राहत आणि ती म्हणे, "सोड वं, श्वास सोड. जेवाले बसशीन तेव्हा उसवंन." स्वतःचं माप मात्र तिनं कधी घेतलं नाही. जुनं ब्लाउज अंथरायचं, त्याहून दोन बोटं जास्त कापायचं, की झालं.

ती लग्न होऊन आष्टीकडून आली तेव्हा बारीकच होती. गोपाल झाला, वर्षाली झाली, आणि मग भरतच गेली. पोरांच्या ताटात उरलेलं, सकाळची भाकर, सणाचं शिळंपाकं, सगळं तिच्याच पोटात जायचं. अन्न टाकायचं तिच्या जिवावर येई. रूपरावनं तिला कधी टोकलं नाही. उलट दुकान बंद करून येताना स्टँडवरचे गरम आलूबोंडे कागदात बांधून आणायचा आणि "थंडे होतीन, खाऊन घे" म्हणायचा. पण चार मित्रांत कोणी पोत्याचा विनोद केला की तोही हसे. भागीरथाला ते लागायचं. हसणाऱ्यांत आपलंच माणूस असलं तर रागवायचं कोणावर, म्हणून ती गप्प राही.

वर्षाली पुलगावला दिली होती. तिच्या डोहाळजेवणाला भागीरथा पाटावर बसली, लेकीची ओटी भरली, आणि नंतर तिला उठताच येईना. गुडघे जागचे हलेनात. एक हात जमिनीवर टेकला, दुसरा भिंतीला लावला, तरी नाही. शेवटी वर्षालीच्या सासरच्या दोन बायांनी तिला काखेत धरून उभं केलं. कोणी हसलं नाही. तेच तिला जास्त लागलं. वर्षालीनं ओटीतला नारळ घट्ट धरून मान खाली घातली होती.

परतताना मोटरसायकल पुलगावबाहेर पडली. मग तीच म्हणाली, "मले सेवाग्रामले न्या. गुडघे दाखवाचे हायेत."

"नेतो ना," रूपराव म्हणाला.

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो काढले आणि बीपी पाहिलं. ते जास्त निघालं. गोळ्या लिहून देऊन डॉक्टर म्हणाले की गुडघ्याला गोळीपेक्षा वजन उतरवणंच लागू पडेल. त्यांनी तिला आहाराच्या खोलीत पाठवलं. तिथं अंकिता नावाची तरुण बाई होती. तिनं भागीरथाला काट्यावर उभं केलं, कमरेला टेप लावला, आणि दिवसभरात काय काय खाता ते विचारलं. भागीरथानं सगळं खरं सांगितलं. चहाचे कप सांगता सांगता तिला स्वतःचीच लाज वाटली.

"काकू, हे नुसत्या गुडघ्यांपुरतं नाही," अंकिता म्हणाली. भिंतीवर हृदयाचं मोठं चित्र होतं. त्यावर बोट ठेवून ती सांगू लागली. "या नळ्या हृदयाला रक्त पुरवतात. त्यांच्या आतून हळूहळू थर बसत जातो. वरून काही कळत नाही. एखादी नळी बंद पडली की झटका येतो."

दारात उभ्या रूपरावनं मान वर केली. "म्हंजे ठिबकच्या नळीत क्षार बसते, तसं."

"अगदी तसंच, काका."

शाळेत उत्तर बरोबर आल्यासारखा तो खूश झाला.

अंकिता पुढं सांगत होती. वजन हे एकच कारण नसतं. बीपी, शुगर, तंबाखू, आणि घरात वडिलांना किंवा भावाला कमी वयात झटका आलेला असणं, हीही कारणं असतात. बारीक माणसालाही तो येतो. लोक जाड माणसाकडे बघतात आणि बारीक माणूस तपासायचा राहून जातो.

भागीरथाचं पुढचं ऐकणं तिथंच थांबलं. तिचा सासरा बापूराव पन्नाशीत बैलगाडी जुंपता जुंपता खाली बसला होता, तो उठलाच नाही. मोठा दीर तानबा तर त्याहून लहान वयात गेला, पोळ्याच्या दिवशी, बैलाच्या शिंगाला रंग लावताना. तेव्हा सगळे म्हणाले होते की भाग्याचं मरण आलं, कोणाला त्रास दिला नाही. दोघंही काटकीसारखे होते. दोघांच्याही कमरेला तंबाखूची चंची असायची.

"बाई," ती रूपरावकडे बघत म्हणाली, "यायचंबी तपासता का?"

"खालच्या मजल्यावर होईल. आजच दाखवा की."

रूपराव थुंकायला बाहेर गेला. तोंड पुसत परत आला. "आज नाई. एका जनाची मोटर द्याची हाय, त्याचा गहू वाळून राह्यला. पुढच्या टायमाले पाहू. आन् मले काय झालं? हिले मी घेऊन आलो."

पुढच्या वेळी भागीरथा शेजारच्या भावनाबरोबर बसनं गेली. तेव्हा अंकितानं झटक्याच्या खुणाही सांगितल्या: घाम सुटतो, जबडा दुखतो, डावा हात जड होतो.

तिचं खाणं सुरू झालं ते असं. चहा बिनसाखरेचा, तोही दोनदाच. जेवणाआधी वाटीभर काकडी किंवा मुळा. एक ज्वारीची भाकर, घट्ट वरण, पालेभाजी, आणि तेल चमच्यानं मोजून. पापड, लोणचं, भजी बंद. सकाळी भावनाबरोबर आर्वी रोडनं कापसाच्या जिनिंगपर्यंत चालायचं. पहिले काही दिवस तिला नुसती भूकच दिसत होती. मशीनवर बसली तरी शेजारच्या घरातली फोडणी नाकात शिरे. एकदा भावनानं बेसनाच्या पातोडीचा रस्सा वाटीत आणून दिला. भागीरथानं ती झाकून ठेवली आणि झाकण ठेवल्यावर तिला रडू आलं. कशाचं रडू हे तिलाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं आपण दुःखाला खाण्यानंच गप्प बसवत होतो, एवढं मात्र तिला त्या दुपारी उमगलं.

रूपरावनं पहिल्या दिवशी तिच्या भाजीचा एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "हे तुह्यं गवत मले नाई जमत." तेव्हापासून चुलीवर भाजीचे दोन गंज चढू लागले. एक तिचा, दुसरा त्याचा, वर बोटभर तेलाची तर्री आलेला. हे बरोबर नाही, हे तिला कळत होतं. पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं द्यायचं नाही, हेही तिच्यानं होईना.

खर्र्याचा विषय तिनं काढून पाहिला. पहिल्यांदा तो हसला. नंतर एकदा चिडला. "तू एक काम हाती घेतलं, तं साऱ्या दुनियेले डायटवर ठेवतं का? मी काय तुह्यासारखा जाडा हावो?" बोलून गेला आणि त्यालाच वाईट वाटलं असावं. संध्याकाळी तो तिच्यासाठी आलूबोंड्यांऐवजी पेरू घेऊन आला. पेरू त्यानं निवडून आणले होते. त्या दिवशी तिनं पुढं काही म्हटलं नाही.

संक्रांत येईस्तोवर तिची ब्लाउजं सैल झाली. तिनं ती बाजूनं आत घेतली, पुन्हा घेतली. पाटावरून उठायला आता एकच हात पुरू लागला. आणि एक वेगळीच गोष्ट झाली. रूपराव तिच्याकडे बघू लागला. मोटरसायकलवर ती मागं बसली की तो म्हणे, "पहिले हवा भरा लागे टायरात. आता नाई लागत." एकदा ती केस विंचरत होती तर दारातून म्हणाला, "लगनातली दिसून राह्यली वं." एवढ्या वर्षांत त्यानं असं काही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. ती पन्नाशीला आलेली बाई, पण दिवसभर तिच्या हातून शिलाई वाकडी जात राहिली. असे चांगले दिवस चालले असताना खर्र्याचा आणि दवाखान्याचा विषय काढून कोण नासवणार? तिनं तो काढला नाही.

फाल्गुनात वर्षालीच्या मुलीचं बारसं होतं. पुलगावला बसमधून उतरून दोघं वर्षालीच्या घराकडे चालत निघाले. भागीरथाच्या हातात पाळण्याची झालर होती, तिनंच शिवलेली. ती बोलत चालली होती, नाव काय ठेवतील, कोणाच्या वळणावर गेली असेल. उत्तर येईना म्हणून तिनं मागं पाहिलं. रूपराव बराच मागं राहिला होता. एका भिंतीला हात लावून उभा होता आणि दुसऱ्या हातानं खिशात काहीतरी शोधल्यासारखं करत होता.

आजवर कायम तीच मागं राहायची आणि तो पुढं जाऊन तिच्यासाठी थांबायचा. ती परत त्याच्याजवळ आली.

"दम लागला का?"

"नाई वं. फोन पाहून राह्यलो."

"फोन तं वरच्या खिशात हाय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता, आणि ऊन अजून तापलं नव्हतं.

"किती दिवसांपासून होते असं?" तिनं विचारलं.

"थोडंसं. चढावर. वय झालं आता."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुही चांगली गाडी चालली होती," तो म्हणाला, "तुले कायले घोर लावू?"

ती तिथंच रस्त्यात म्हणाली की आत्ताच परत फिरू, सेवाग्रामला जाऊ. पहिल्यांदाच त्यानं नकार दिला नाही. "लेकीकडचं काम आटपू दे. दोन मोटरी द्याच्या हायेत, त्या दिल्या का जाऊ. सांगून राह्यलो ना, जाऊ." बारशात त्यानं नातीला मांडीवर घेतलं आणि तिनं त्याचं बोट धरलं म्हणून सगळ्यांना दाखवत राहिला. पोरीचं नाव वेदश्री ठेवलं.

त्या आठवड्यात त्यानं एक मोटर बांधून दिली. दुसरी उघडून ठेवली होती.

सकाळचं काम चालू असताना तो दुकानातून घरी आला. अशा वेळी तो कधी येत नसे. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "लिंबाचं पाणी दे. गॅस धरला." सदरा पाठीला चिकटला होता. तो जबडा चोळत होता आणि डावा हात मांडीवर असा ठेवला होता, जणू दुसऱ्याचा हात कोणी त्याच्याकडे सांभाळायला दिलाय.

भागीरथानं कात्री खाली ठेवली. अंकितानं सांगितलेलं सगळं तिला एकाएकी समोर दिसलं: घाम, जबडा, हात. तिनं लिंबू कापलं नाही. भावनाचा नवरा सचिन व्हॅन चालवायचा, तो घरीच होता. तिनं कुंपणावरून हाक मारली.

"गॅस हाय वं," रूपराव म्हणत होता. "कायले बोभाटा करतं?"

"करू द्या मले बोभाटा," ती म्हणाली आणि त्याला धरून गाडीत घातलं.

मागच्या सीटवर त्याचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. तिला वाटलं, याला वजनच नाही. रस्त्यात तो दोनदा बोलला. एकदा म्हणाला, "दुकानाचं शटर उघडंच राह्यलं." ती म्हणाली, "राहू द्या." मग बरंच अंतर गेल्यावर म्हणाला, "तू बरी हायेस ना?" तिनं हो म्हटलं. दवाखान्याच्या फाटकातून गाडी आत वळली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते.

आत त्याला ताबडतोब घेतलं. तिला बाहेर बाकावर बसवलं. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. डॉक्टर बाहेर आले, तिच्या शेजारी बसले. डॉक्टर शेजारी बसले तेव्हाच तिला समजलं. त्यांनी सांगितलं की सगळं करून पाहिलं. हृदयाला आधीही इजा झालेली दिसत होती, बहुधा काही महिन्यांपूर्वीची, अंगावर काढलेली. "तुम्ही लवकर आणलं, आई. तुमच्याकडून उशीर झाला नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी तिच्या समाधानासाठी म्हटलं होतं. पण काही महिन्यांपूर्वी म्हणजे कधी, हे ती पुढं कितीतरी दिवस शोधत राहिली. पेरू आणले तो दिवस? लग्नातली दिसतेस म्हणाला तो? त्या दिवसांत तो कधी बसला होता, कधी लवकर झोपला होता, कधी अर्धी भाकर ठेवली होती, हे एकेक करून आठवायची. ते दिवस तिच्या आयुष्यातले चांगले दिवस होते, म्हणून तिच्या लक्षात सगळं होतं. फक्त तेव्हा ती त्याच्याकडे नाही, स्वतःकडे बघत होती.

घरी माणसं जमली. पदर डोळ्याला लावून बाया बसल्या. एक म्हातारी दुसरीला सांगत होती, आवाज हळू ठेवायचं तिला जमत नव्हतं. "पाह्य ना बाई. आमाले वाटे, हिचंच काही होईन. गेला तो बारीक."

भागीरथानं ते ऐकलं. तिला राग आला नाही. सगळ्या गावाला असंच वाटत होतं. त्यालाही असंच वाटत होतं.

तेरवीनंतर गोपाल पुण्याला कामावर परतला, वर्षाली पुलगावला गेली. भागीरथा एकटी राहिली. एकट्यासाठी भाकर थापायची तर पीठ किती घ्यायचं हे तिला जमेना. मग तिनं थापणंच सोडलं. चहा घ्यायची, कधी भावना आणून देईल ते दोन घास खायची. वजन उतरतच गेलं. ज्या बाया तिला हसायच्या त्याच आता म्हणू लागल्या, "खंगली बिचारी." गावातल्या लग्नाला आलेली एक पाहुणी, जिला काही माहीत नव्हतं, तिनं तिला अडवून विचारलं की एवढी बारीक कशी झालीस, आम्हालाही सांग. भागीरथा तशीच पुढं गेली.

गुडघ्यांची तारीख होती म्हणून आषाढात ती सेवाग्रामला गेली. अंकितानं तिला काट्यावर उभं केलं आणि तिचा चेहरा फुलला. "काकू, कमाल केली तुम्ही. आता काकांनाही तुमच्यासारखंच करायला लावा. ते तपासून गेले का?"

"ते गेले," भागीरथा म्हणाली.

"कधी येऊन गेले? मला भेटले नाहीत."

"तसं नाई, बाई. ते गेले. मार्चमंदी. झटका आलता."

अंकिताच्या हातातला पेन तसाच राहिला. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला जात होता. मग ती उठली, दार लोटून घेतलं आणि खुर्ची ओढून भागीरथाच्या जवळ बसली.  भागीरथा बोलू लागली. भिंत, खिशातला फोन, लिंबाचं पाणी, सगळं सांगितलं. दोन गंजांचंही सांगितलं.

"तुम्ही त्यांना इथं तपासायला सांगितलं होतं, मला आठवतं," अंकिता म्हणाली. "तुम्ही विचारलं होतं, काकू. मीही आणखी आग्रह करायला हवा होता."

"तुमचं काय, बाई. घरच्याचं नाई ऐकलं त्यायनं."

"आता वजन कमी नाही करायचं. खायचं. हे उतरलंय ते डाएटमुळं नाही." ती थोडी थांबली. "आणि मुलाला तपासून घ्या. आजोबा, काका, वडील. त्याला लवकर सुरुवात करायला हवी."

दिवाळीला गोपाल आला. बापासारखाच, उंच आणि सडपातळ. त्याची पँट धुवायला घेतली तेव्हा खिशातून घडी घातलेली पन्नी निघाली. भागीरथानं ती उघडून पाहिली नाही. पाण्याच्या बादलीजवळ ती तशीच बसून राहिली, नळ वाहत होता तरी.

संध्याकाळी तिनं ती त्याच्यासमोर ठेवली. तो ओशाळला. "कंपनीत सारेच खाते, आई. टाइमपास होते."

"उद्या माह्यासंगं सेवाग्रामले चाल."

"उद्या पाडवा हाय."

"मंग परवा," ती म्हणाली. "पण माह्या डोळ्यादेखत चाल. तुह्या बापानंबी येतो म्हटलं होतं."

तो गेला तिच्याबरोबर. रक्तातली चरबी त्याच्या वयाच्या मानानं जास्त निघाली, बाकी ठीक होतं. डॉक्टरांनी समजावलं. घरी आल्यावर त्यानं उरलेल्या पुड्या आईसमोर चुलीत टाकल्या, आणि तिनं त्याच्यासाठी कमी तेलाची पातोडी केली. ती त्यानं मुकाट्यानं खाल्ली. मग सुट्टी संपली, तो पुण्याला गेला.

भागीरथा पुन्हा ब्लाउज शिवते. सकाळी भावनाबरोबर जिनिंगपर्यंत चालते. एका भाकरीचं पीठ आता तिला अंदाजानं घेता येतं. गोपालचा फोन आला की ती विचारते, जेवला का, काय जेवला, फिरायला जातो का. खर्र्याचं ती विचारत नाही. विचारलं तर तो "नाई खात" म्हणेल, खात असला तरी, हे तिला ठाऊक आहे.